लॉगटेबल आणि लॅपटॉप

माझी भाची वसमतला बारावी सायन्सला आहे. दिवाळीत आली तेव्हा तिच्या दप्तरात दोन पुस्तकं एकमेकांना टेकून होती. एक लॉगटेबल, कोपरे मुडपलेलं, बहुधा आधी चुलतभावानं वापरलेलं. दुसरं आयटीचं पाठ्यपुस्तक. लॉगटेबल फिजिक्स-केमिस्ट्रीसाठी, कारण बारावीच्या पेपरवर अजूनही सूचना छापलेली असते की लॉगटेबल चालेल, कॅल्क्युलेटर चालणार नाही. आणि आयटी कशासाठी? "मामा, मराठीपेक्षा आयटी स्कोअरिंग आहे. पेपर ऑनलाइन असतो." भाषेच्या जागी घेतलेला विषय, तोही मार्कांसाठी. यात तिचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. सगळेच घेतात.

ते पुस्तक मी चाळलं. एचटीएमएल, जावास्क्रिप्ट, पीएचपी, ई-कॉमर्स, आपली वेबसाइट सर्चमध्ये वर कशी आणायची. ज्याला वेबसाइट बनवायच्या आहेत त्याच्या कामाचं आहे. पण हा अभ्यासक्रम सायन्स शाखेचा आहे. सकाळी ही मुलगी फिजिक्सच्या लॅबमध्ये लंबकाची रीडिंग घेते, लॉग काढते, अँटिलॉग काढते, गुरुत्वत्वरणाचं उत्तर काढते. दुपारी शेजारच्या खोलीत चपला काढून जाते आणि कुठल्याशा काल्पनिक दुकानाचा ऑर्डर फॉर्म बनवते. दोन खोल्यांच्या मध्ये एक भिंत आहे, आणि दोन वर्षांत तिचं एकही रीडिंग त्या भिंतीपलीकडे गेलेलं नाही.

माझं म्हणणं या भिंतीपुरतंच आहे. विज्ञान शिकणाऱ्या मुलांना कॉम्प्युटर शिकवायचा तर तो प्रयोगशाळेत शिकवावा, त्यांच्याच रीडिंगवर शिकवावा. वेगळा विषय, वेगळी खोली आणि वेगळे मार्क करून शिकवला की तो विज्ञानाच्या काही उपयोगाचा राहत नाही.

कॉम्प्युटर शिकवतात हेच काय कमी, असं कुणी म्हणेल. कमी नाहीच. २००१मध्ये एमएस-सीआयटी सुरू झालं तेव्हा माउस धरताना हात थरथरणारे मास्तर आणि ग्रामसेवक मी पाहिलेत. त्या कोर्सनं लाखो लोकांची भीड मोडली. पण त्यातून एक समजूतही पक्की झाली. 'कॉम्प्युटर येतो' म्हणजे 'सर्टिफिकेट आहे'. नोकरीच्या जाहिरातीत अट असते म्हणून सर्टिफिकेट काढायचं, आणि ते फाइलला लागलं की विषय संपला. शाळा-कॉलेजांनी हाच साचा उचलला. फिजिक्सच्या लॅबमध्ये चपला घालून जाता येतं, कॉम्प्युटरच्या लॅबमध्ये नाही, यावरूनच आपण त्या यंत्राला हत्यार समजतो की देव, ते कळतं.

आजचं विज्ञान प्रत्यक्षात कसं चालतं ते पाहायला महाराष्ट्राबाहेर जायची गरज नाही. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथे शाळांच्या बसगाड्यांची रांग लागते आणि पोरं तबकडीसमोर उभी राहून फोटो काढतात. त्या तबकडीला डोळा नाही हे मात्र पुष्कळांच्या लक्षात येत नाही. कुठल्याही एका तबकडीत आकाशाचं चित्र उमटत नाही. ३० तबकड्यांच्या ४३५ जोड्या होतात. प्रत्येक जोडीतल्या दोघींना आलेले संकेत एकमेकांशी ताडून पाहायचे आणि त्या ताळमेळातून गणितानं चित्र बांधायचं. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तारेच्या जाळीच्या हलक्या, स्वस्त तबकड्या उभारल्या, ती निम्मी दुर्बीण. उरलेली निम्मी आकडेमोडीत आहे, आणि ती सहलीत दिसत नाही.

औंढा नागनाथ तर भाचीच्या जिल्ह्यातच. तिथे दुधाळ्याजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची, म्हणजे अवकाशालाच किंचित ताणत-आकसवत जाणाऱ्या लहरींची, वेधशाळा व्हायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल २०२३मध्ये त्यासाठी सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले. काटकोनात दोन भुजा, प्रत्येकी ४ किलोमीटर लांब. अमेरिकेतल्या अशाच दोन वेधशाळांना १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर सापडली. तिच्यामुळे ४ किलोमीटरच्या भुजेच्या लांबीत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या शंभराव्या हिश्श्यापेक्षाही कमी होता, आणि सगळा प्रकार सेकंदाच्या जेमतेम पाचव्या भागात आटोपला. जमिनीचे हादरे, रस्त्यावरचे ट्रक, आरशांमधली उष्णतेची थरथर या सगळ्या गोंगाटात ही कुजबुज ओळखायची कशी? तर लहर कशी दिसेल याचे हजारो नमुने आधी गणितानं तयार ठेवायचे आणि आलेल्या नोंदीवर एकेक सरकवत कुठला जुळतो ते पाहायचं. दर्जीकाकांनी कापडाच्या ढिगातून मॅचिंग शोधावं तसं. या पद्धतीचा पाया घालणाऱ्यांत पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतले संजीव धुरंधर आहेत, आणि ते काम लहर सापडण्याच्या वीस-पंचवीस वर्षं आधीचं आहे. तेव्हा ऐकायला लहर नव्हती, कान नव्हते. ऐकायचं कसं याचं गणित मात्र पुण्यात चाललं होतं.

२०१५ची ती नोंद आज इंटरनेटवर कुणालाही फुकट मिळते. ती कशी वाचायची याचे पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतले धडेही सोबत आहेत. औंढ्याला वेधशाळा झाली तर आपल्या पोरांना काय मिळणार, असा प्रश्न त्या भागात निघतो तेव्हा मी ऐकलेली उत्तरं वॉचमन, ड्रायव्हर आणि लॉज यांच्यापुढे जात नाहीत. नोंद वाचता येणारी दहा पोरं तालुक्यात असतील तर उत्तर बदलेल. त्यासाठी वेधशाळेची वाट पाहावी लागत नाही.

आता पुन्हा लंबकाकडे येतो, कारण खरी गंमत तिथे आहे.

साध्या लंबकाचा प्रयोग आपण सगळ्यांनी केलाय. दोऱ्याची लांबी बदलायची, २० दोलनांचा वेळ घ्यायचा, लांबी आणि आवर्तकालाचा वर्ग यांचा आलेख काढायचा, रेषेच्या चढावरून गुरुत्वत्वरण काढायचं. उत्तर ९.८च्या आसपास आलं पाहिजे. आणि ते येतंच, कारण आलं नाही तर मुलं ९.८वरून उलटं गणित करून रीडिंग लिहितात. मीही लिहिलीत. तुम्हीही लिहिली असतील. जर्नलवर सही हवी असते आणि सही बरोबर उत्तरावर होते. विज्ञानाच्या नावाखाली आपण सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना पहिली गोष्ट शिकवतो ती रीडिंग जुळवायची.

दिवाळीत मी भाचीला विचारलं, जर्नलमध्ये लिहिलेली नकोत, कच्च्या वहीतली खरी रीडिंग किती जणांकडे असतील? तिनं व्हॉट्सॲपवर ग्रुपला विचारलं. दोन दिवसांत ४१ जणांनी कच्च्या पानांचे फोटो पाठवले, काहींनी 'सरांना दाखवू नको' अशी पुस्ती जोडून. सगळे आकडे तिनं माझ्या लॅपटॉपवर एका शीटमध्ये भरले. लॉगटेबलानं एक उत्तर काढायला तिला पाव तास लागतो, इथे एक सूत्र लिहून खाली ओढलं आणि ४१ उत्तरं आली. मग आम्ही त्यांचा स्तंभालेख काढला. बहुतेक स्तंभ ९.६ ते १० यांच्या मध्ये गोळा झाले होते. हे अपेक्षित होतं. पण उजवीकडे, सगळ्यांपासून फटकून, १०.८च्या आसपास सहा जणांचा एक छोटा गठ्ठा होता.

ती म्हणाली, "हे चुकलेत." मी म्हटलं, चुकले तर इकडेतिकडे विखुरले असते, सगळे एकाच जागी जाऊन कसे चुकले? यावर ती बराच वेळ गप्प होती. जेवताना तिच्या डोक्यात उजेड पडला. लंबक सोडताना 'शून्य' म्हणायचं असतं. या सहा जणांनी 'एक' म्हटलं होतं. म्हणजे त्यांची २० दोलनं प्रत्यक्षात १९च होती. २० भागिले १९, त्याचा वर्ग, गुणिले ९.८. उत्तर येतं १०.८६. तिनं फोन करून विचारलं, तर सहापैकी चौघं एकाच बॅचचे निघाले आणि एकच मुलगा मोठ्यानं मोजत होता. (कॉम्प्युटरवाले शून्यापासून का मोजतात यावरचे फुटकळ विनोद मला माहीत होते, ते मी तिला सांगितले. ती हसली नाही.)

या एका संध्याकाळी ती जे शिकली ते कुठल्या विषयाच्या खात्यात टाकायचं? फिजिक्स, संख्याशास्त्र की कॉम्प्युटर? खाती वेगळी करताच ते हातातून निसटतं. हेच गणित एकट्या वहीत, एकाच रीडिंगवर केलं असतं तर १०.८६ हे नुसतं चुकीचं उत्तर ठरलं असतं आणि रबरानं पुसून ९.७९ झालं असतं. ४१ जणांचे आकडे एकत्र आले, न पुसता आले, म्हणून चुकीलाही आकार आला. कॉम्प्युटरचा यातला वाटा छोटा होता, पण त्याच्यावाचून हे ४१ आकडे दिवाळीच्या सुट्टीत कुणी हातानं सोडवत बसलं नसतं.

एक्सेल तर सगळ्यांनाच येतं, असं यावर मला एका मित्रानं सांगितलं. येतं का? माणसाच्या काही जनुकांची नावं इंग्रजीत मार्च-१, सेप्ट-१ अशी होती. शास्त्रज्ञ ती एक्सेलमध्ये भरायचे आणि एक्सेल त्यांच्या परस्पर तारखा करून टाकायचं. मार्चची १ तारीख, सप्टेंबरची १ तारीख. २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, एक्सेलमधल्या जनुक-याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्यात असल्या चुका सापडल्या. शेवटी २०२०मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीनं जनुकांचीच नावं बदलली. सॉफ्टवेअर हटलं नाही, जीवशास्त्र हटलं. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये जवळपास १६,००० कोविड रुग्णांच्या नोंदी अहवालातून गळाल्या, कारण आकडे जुन्या प्रकारच्या एक्सेल फाइलमध्ये ओतले जात होते आणि त्या फाइलमध्ये ६५,५३६च्या पुढे ओळी मावत नाहीत. हे करणारे अडाणी नव्हते. एक्सेल 'येणारेच' होते.

म्हणून मला सर्टिफिकेटपेक्षा काही साध्या सवयींची काळजी वाटते. मूळ नोंद कधी पुसायची नाही, सुधारणा करायची तर वेगळ्या प्रतीवर. एकक लिहून ठेवायचं. आलेख पाहिल्याशिवाय सरासरीवर विश्वास ठेवायचा नाही. आणि तेच काम तिसऱ्यांदा हातानं करायची वेळ आली तर पाच ओळींचा प्रोग्रॅम लिहायचा. यातली कुठलीही गोष्ट शिकवायला एसी लागत नाही.

करिअरचा प्रश्न इथेच येऊन मिळतो. आपल्याकडे दहावीनंतर मुलाला विचारतात, मॅथ्स घेणार की बायो? म्हणजे इंजिनिअर की डॉक्टर, म्हणजे सीईटी-जेईई की नीट. लातूर पॅटर्ननं या प्रश्नाला धार लावली, पण प्रश्न सगळ्या महाराष्ट्राचा आहे. जूनमधल्या 'दहावी-बारावीनंतर काय?' छाप व्याख्यानांत कटऑफ सांगतात, फी सांगतात, पॅकेज सांगतात. शास्त्रज्ञाचा दिवस कसा जातो हे कुणी सांगत नाही आणि तसा एक दिवस घालवून पाहायची सोय तर नाहीच. बायो घेणारी मुलं सोळाव्या वर्षी गणिताला रामराम ठोकतात, तेही बाकीच्या जगात जीवशास्त्र गणितात बुडत चाललेलं असताना. २०२४चं रसायनशास्त्राचं नोबेल डेव्हिड बेकर, डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना प्रथिनांच्या रचनेवरच्या कामासाठी मिळालं. तिघांचंही काम कॉम्प्युटरवरचं. हे आपल्याकडच्या बायोच्या वर्गात कुठे बसतं? पीसीबीवाल्या, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-बायो घेणाऱ्या, मुलांना निदान संख्याशास्त्राचा एक छोटा, कामापुरता भाग सक्तीचा करावा असं माझं मत आहे, आणि नीटच्या क्लासवाल्यांचा त्याला विरोध होईल हेही मला माहीत आहे.

साधा कॉम्प्युटर आणि बरं नेटवर्क हे विज्ञान चाखून पाहायचं सगळ्यात स्वस्त साधन आहे. आकाशगंगांच्या चित्रांची वर्गवारी सामान्य माणसांकडून करून घेणारा गॅलेक्सी झू २००७पासून लोकांना खऱ्या संशोधनात ओढतो आहे. पक्ष्यांत रस असेल तर ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर आपल्या तळ्यावरच्या नोंदी टाका आणि दुसऱ्यांच्या वाचा. शेतकऱ्याच्या घरातलं पोर असेल तर कृषी विभागाच्या संकेतस्थळावर मंडळनिहाय पाऊस मिळतो. आपल्या मंडळाचे काही वर्षांचे आकडे घ्या आणि 'आता पूर्वीसारखा पाऊस राहिला नाही' हे आजोबांचं वाक्य तपासून पाहा. आजोबा बरोबर निघाले तरी मजा, चूक निघाले तरी मजा. आणि असं चार आठवडे केल्यावर एखाद्याला कळेल की आपल्याला आकड्यांसमोर बसवत नाही. तेही चांगलंच. ते सतराव्या वर्षी कळलं तर फुकटात पडतं, पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी कळलं तर फार महागात.

आता एआय प्रोग्रॅम लिहून देतं, मग मुलांनी कशाला शिकायचं, असा एक युक्तिवाद हल्ली हमखास ऐकू येतो. स्तंभालेख एआयनं आमच्यापेक्षा लवकर काढला असता हे खरं. पण ४१ कच्ची पानं गोळा करा असं त्याला कुणी सांगितलं असतं, आणि तो मुलगा मोठ्यानं मोजत होता हे फोन करून कुणी विचारलं असतं? शिवाय हसाबिस आणि जंपर यांना ज्या अल्फाफोल्ड या एआयसाठी नोबेल मिळालं ते शिकलं कशावर? प्रयोगशाळांमधून एकेक करून मोजलेल्या आणि १९७१पासून एका खुल्या कोठारात नीट जपलेल्या दीड लाखाहून अधिक प्रथिनरचनांवर. त्या लोकांनी रीडिंग जुळवून लिहिली असती तर आजचं एआय जुळवलेलंच शिकलं असतं.

उलट बाजूनं येणारा आक्षेप मला जास्त मोलाचा वाटतो. पोरं स्क्रीनला चिकटतील आणि हातानं करायचं विसरतील. ही भीती खरी आहे. फेट नावाच्या उत्तम सिम्युलेशन मराठीतही आहेत, त्यात लंबक आहे. पण स्क्रीनवरच्या लंबकाचा दोरा कधी पिळत नाही, गोळा भिंतीला लागत नाही, मोजणारा 'एक'पासून सुरुवात करत नाही. खऱ्या लंबकाला पर्याय म्हणून तो दाखवला तर प्रयोग गेला आणि नुसता सिनेमा उरला. म्हणूनच मी प्रयोगशाळेत कॉम्प्युटर न्या म्हणतो, कॉम्प्युटरमध्ये प्रयोगशाळा नव्हे.

साधनं नाहीत, ही अडचण अर्धी खरी. लॅपटॉप सगळ्यांकडे नाहीत, पण फोन बहुतेक घरांत एक तरी असतो. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठानं केलेलं फायफॉक्स हे फुकटचं ॲप फोनमधल्या सेन्सरनं त्वरण मोजतं, आवाजावर चालणारं घड्याळ बनतं. फोनच दोरीला टांगा, तोच लंबक आणि तोच मोजणारा. इंग्रजीची अडचण त्याहून खरी. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पानं मोफत सॉफ्टवेअरचे धडे मराठीतही करून ठेवलेत, ते किती कॉलेजांत लावले जातात हे ज्यानं त्यानं आपल्या कॉलेजात विचारावं. सगळ्यात अवघड जागा शिक्षकांची आहे. फिजिक्सच्या मास्तरांच्या डोक्यावर ऑनलाइन माहिती भरण्याचं ओझं इतकं आहे की कॉम्प्युटर म्हटलं की त्यांना पोर्टल आठवतं. त्यांना आणखी एक प्रशिक्षण नको आहे. त्यांना आठवड्याला दोन तास आणि कॉम्प्युटर लॅबची किल्ली हवी आहे.

बोर्डानं फार काही करायची गरज नाही. सायन्सच्या आयटीत ई-कॉमर्सच्या जागी स्वतःच्या प्रॅक्टिकलचे आकडे हाताळायचा एक भाग घालावा. प्रॅक्टिकल परीक्षेत एका प्रयोगापुरती कच्च्या रीडिंगची फाइल मागावी आणि मार्क उत्तराला न देता नोंदीला द्यावेत, विखुरलेपणाच्या स्पष्टीकरणाला द्यावेत. ९.८ आलं नाही तरी चालेल असं एकदा छापून सांगावं. मुलं दुसऱ्या दिवशीपासून खरं लिहू लागतील, कारण खोटं लिहायची त्यांनाही हौस नसते.

सुट्टी संपल्यावर भाचीनं तो स्तंभालेख सरांना नेऊन दाखवला. सर खूश झाले, त्यांनी तो स्टाफरूममध्ये दोघातिघांना दाखवला, आणि सहा जणांच्या गठ्ठ्यावर स्वतः मनापासून हसले. मग म्हणाले, जर्नलमध्ये मात्र लॉग घेऊनच लिही, बाहेरचे परीक्षक तेच बघतात. तिनं तसं लिहिलं. उत्तर आलं ९.७९, सही मिळाली.